घरचा उंबरठा : महाराणी चिमणाबाई गायकवाड यांचे स्मरण



ज्या बाईंच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी तिसऱ्या बाकावर बसत असे. पुढे याच शाळेत त्यांच्या हाताखाली शिक्षक म्हणून रुजू झालो. आज त्यांच्या तसबिरीखाली उभे राहून बोलताना आवाज थोडा दबतो, याबद्दल क्षमा असावी. चिटणीसांनी मला ‘बडोदे संस्थान आणि स्त्रीशिक्षण’ हा विषय सुचवला होता. या विषयावर मी आयुष्यभर बोलत आलो आहे आणि माझी जुनी टिपणे अजून कपाटात आहेत. तीच वाचून दाखवली असती, तर तासभर सहज निघाला असता. परंतु वय वाढले की माणसाला आपल्याच टिपणांचा थोडा संशय येऊ लागतो. म्हणून मी विषय आटोपशीर करून घेतला. संस्थान बाजूला ठेवून मी एका घराविषयी बोलणार आहे आणि त्या घरातील एका आईविषयी, एका आजीविषयी. त्या म्हणजे महाराणी चिमणाबाई गायकवाड.

प्रथम एक घोटाळा दूर करतो. रावपुऱ्यातील टॉवर आणि न्यायमंदिर या दोन्ही वास्तूंशी चिमणाबाईंचे नाव जोडलेले आहे. आपण रोज त्यांच्यावरून जातो आणि पुष्कळांना त्या याच महाराणी वाटतात. त्या निराळ्या. सयाजीराव महाराजांच्या पहिल्या पत्नी, तंजावरच्या लक्ष्मीबाई, सासरी येऊन चिमणाबाई झाल्या आणि १८८५ साली ऐन तारुण्यात निवर्तल्या. मागे फत्तेसिंहराव हा लहान मुलगा राहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीशी महाराजांचा विवाह झाला आणि तिचेही नाव चिमणाबाईच ठेवण्यात आले.

या गोष्टीकडे इतिहासकार एका ओळीत पाहून पुढे जातात. मला मात्र तिथे थांबावेसे वाटते. चौदा वर्षांची मुलगी माळव्यातून बडोद्याला येते. तिथे तिच्या आधी एक राणी होऊन गेलेली आहे, त्या राणीचा मुलगा आहे आणि त्या राणीचेच नाव आता हिला धारण करावयाचे आहे. सासरी नाव बदलणे ही आपल्याकडची जुनी रीत. पण मृत सवतीचे नाव घेऊन संसार सुरू करणे ही साधी गोष्ट नव्हे. आज ‘चिमणाबाई’ म्हटल्यावर जाणत्यांच्या मनात दुसऱ्या चिमणाबाई उभ्या राहतात, हे त्यांनी स्वतः मिळवलेले आहे. उसने नाव त्यांनी आपल्या कर्तृत्वाने स्वतःचे करून घेतले.

त्या आल्या तेव्हा पडदा होता. लग्नानंतर त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था महाराजांनी केली. १८८७ साली महाराज प्रथम युरोपच्या प्रवासाला निघाले, तेव्हा त्या बरोबर होत्या. त्यानंतर असे प्रवास अनेक झाले. राजघराण्यातील पुष्कळ मंडळी विलायतेहून कपडे, कुत्री आणि मोटारी घेऊन आली. या बाईंनी बरोबरीने आणखी काही आणले. तिकडच्या बायका कोणते उद्योग करतात, त्यांच्या संस्था कशा चालतात, त्यांतले काय आपल्याकडे आणता येईल, याचा त्यांनी विचार केला. त्यातून एस. एम. मित्र यांच्या सहकार्याने लिहिलेला ‘द पोझिशन ऑफ विमेन इन इंडियन लाइफ’ हा इंग्रजी ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झाला. हे साल आपण कृपा करून लक्षात ठेवावे. मी त्याकडे परत येणार आहे.

बडोदे संस्थानात त्या काळी वारे अनुकूल होते, हे खरेच. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेली भागात सुरू झाला आणि १९०६ साली तो सबंध संस्थानाला लागू झाला. त्यात मुलीही होत्या. १९०४ साली बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा आला. पण कायदा दारापर्यंत येतो, दाराच्या आत त्याला वाट करून द्यावी लागते. शाळेत चार इयत्ता शिकलेल्या मुलीने पुढे करावयाचे काय? विधवेने, परित्यक्तेने, गरीब घरच्या बाईने दोन पैसे मिळवायचे कसे? याचे उत्तर म्हणून १९१४ साली महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय उभे राहिले. त्या संस्थेचे माझ्या घरावर ऋण आहे, ते मी पुढे सांगेन. यथावकाश महाराणींनी स्वतः पडदा सोडला. १९२७ सालच्या जानेवारीत पुण्यास अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्याच्या अध्यक्षा त्याच होत्या. चौदाव्या वर्षी पडद्यात आलेली देवासची मुलगी पंचावन्नाव्या वर्षी सबंध देशातील स्त्रियांच्या परिषदेच्या अध्यक्षस्थानी बसली.

इथवर जे सांगितले, ते मी वर्गात तीस वर्षे सांगत होतो आणि इथेच थांबत होतो. गौरवपर चरित्रे इथेच थांबतात. परंतु थोर माणसांची परीक्षा व्यासपीठावर होत नसते. ती घरी होते आणि परीक्षक बहुधा आपलीच मुले असतात.

महाराणींना तीन मुलगे आणि एक मुलगी. मुलीचे नाव इंदिराराजे, जन्म १८९२. आईवडिलांनी तिला आपल्या विचारांप्रमाणे वाढवले. ती बडोदा कॉलेजात शिकली. राजकन्येने कॉलेजात जाणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. पुढे तिचा विवाह ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांच्याशी ठरला. स्थळ केवढे! गायकवाड आणि शिंदे, मराठेशाहीच्या दोन मोठ्या घराण्यांचा संबंध. पण माधवरावांची एक पत्नी हयात होती, संतान नव्हते, वयात सोळा वर्षांचे अंतर होते आणि ग्वाल्हेरच्या राजवाड्यात पडदा होता. कॉलेजात शिकलेल्या मुलीने दुसरेपणावर पडद्यात जायचे होते.

आता ते साल आठवा. १९११. आईचा स्त्रियांच्या स्थितीवरील ग्रंथ त्याच वर्षी बाहेर पडला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्लीला बादशहांचा दरबार भरला. त्या दरबारात सयाजीराव महाराज रीतीप्रमाणे मागे न सरता पाठ फिरवून परतले, म्हणून केवढा गहजब झाला, ते आपण सर्वांनी वाचले आहे. त्याच दिल्लीमुक्कामात त्यांच्या घरात दुसरे वादळ आकार घेत होते. कूचबिहारच्या राजघराण्यातील धाकटे राजपुत्र जितेंद्रनारायण आणि इंदिराराजे यांची मने तिथे जुळली. इंदिराराजांनी स्वतःच्या हाताने ग्वाल्हेरला पत्र लिहून ठरलेले लग्न मोडले. आईवडिलांना ते कळले, तेव्हा पत्र पोहोचून चुकले होते.

मुलीने नेमके काय केले होते? तिने स्वतःचा विचार केला, तो स्वतः लिहिला आणि त्याखाली स्वतःची सही केली. शिक्षणाचा याहून वेगळा हेतू काय असतो? आणि तरीही आईवडिलांनी जितेंद्रनारायणांना नकार दिला. तो धाकटा मुलगा, गादीचा वारस नव्हे. घराणे मराठा नव्हे. केशवचंद्र सेन यांच्या कन्या सुनीतीदेवी या त्यांच्या मातोश्री, तेव्हा घर ब्राह्मो विचारांचे, राहणी विलायती. दीड-दोन वर्षे ताणाताण चालली. अखेर १९१३ सालच्या ऑगस्टात लंडनमध्ये ब्राह्मो पद्धतीने विवाह झाला. कन्येचे आईवडील त्या विवाहाला उपस्थित राहिले नाहीत.

मित्रहो, हे मी निंदेच्या हेतूने सांगत नाही. निंदा करण्याचा अधिकार मला नाही आणि का नाही, ते सांगण्यासाठीच मी आज हा विषय मागून घेतला. त्यासाठी थोडा वेळ मला माझ्या घरात यावे लागेल.

मी दहा वर्षांचा असताना माझे वडील वारले. आई पस्तिशीची, मागे आम्ही तीन भावंडे. पुण्याच्या काकांनी तिला मुलांसह तिकडे चलण्याविषयी परोपरीने सांगितले. आई म्हणाली, “भावजी, तुमच्या घरी मला काही कमी पडणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या मुलांना तुमच्या मुलांच्या मागून वाढलेले ताट नको.” स्त्री उद्योगालयात ती शिवण शिकली, हप्त्याने मशीन घेतले आणि दांडिया बाजारातल्या आमच्या दोन खोल्यांत परकर, झंपर, मुलींची झबली शिवून तिने आम्हाला वाढवले. धाकट्या बहिणीला तिने सयाजीराव विद्यापीठात रसायनशास्त्र शिकू दिले. नातेवाईक म्हणाले, मुलीवर एवढा खर्च कशाला? आई मशीनवरून मान न उचलता म्हणाली, “खर्च माझा आहे.” पुढे माझी मुले झाली, सून आली, तरी घरातील शेवटचा शब्द तिचाच असे. तो ती फार क्वचित वापरी, म्हणूनच त्याला किंमत होती.

१९९४ साली माझ्या मुलीने आपले लग्न स्वतः ठरवले. मुलगा गुजराती, जात निराळी, नोकरी अहमदाबादेत. मुलगा चांगला होता. आक्षेप घेण्यासारखे काही सापडत नव्हते, म्हणूनच मी अधिक चिडलो. ज्या वर्षी मी स्त्रीशिक्षणावर या शहरात चार ठिकाणी व्याख्याने दिली, त्याच वर्षी मी माझ्या मुलीला म्हणालो, “तुला एवढे शिकवले, ते याचसाठी का?” तिने मला उत्तर दिले नाही. ती मला उत्तर देऊ शकली असती, हे मला तेव्हाही कळत होते.

नोंदणी विवाहाच्या दिवशी मी घरीच राहिलो. पत्नी माझ्याकडे पाहून घुटमळली आणि राहिली. आई त्या वेळी त्र्याहत्तर वर्षांची. ती पहाटे उठली, स्नान केले, ठेवणीतले पातळ नेसली आणि पिशवी घेऊन दारात उभी राहिली. मला म्हणाली, “मी सकाळच्या गाडीने जाते. तुझा काय निरोप सांगू?” मी बोललो नाही. ती क्षणभर थांबली आणि जिना उतरून गेली. इतक्या वर्षांत ती एकटी बडोद्याबाहेर गेलेली नव्हती.

रात्री ती परतली. पाय सुजले होते. पाणी प्यायली आणि म्हणाली, “तुला ताप आहे आणि सून तुझ्याजवळ थांबली आहे, असे मी व्याहीमंडळींना सांगितले. तुझ्यासाठी आज मी खोटे बोलले. दुसऱ्यांदा बोलणार नाही.” एवढेच. तिने मला उपदेश केला नाही, रागावली नाही. दोन महिने घरात हा विषय निघाला नाही. नंतर एके दिवशी मी पत्नीला घेऊन अहमदाबादेस गेलो. मुलीने दार उघडले आणि विचारले, “ताप उतरला का, बाबा?” मी तिच्या त्या प्रश्नाला आजतागायत उत्तर दिलेले नाही. तिनेही मागितलेले नाही.

त्यानंतर मी महाराणींच्या चरित्राकडे पुन्हा वळलो. जे आधी मी घाईने ओलांडून जात असे, ते आता थांबून वाचू लागलो. तेव्हा मला दिसले की १९१३ ही त्या गोष्टीची अखेर नव्हती.

दुरावा कायम राहिला नाही. इंदिराराजांची मुले बडोद्याला आजोळी येऊ लागली. त्यांतल्याच एक म्हणजे जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी. त्यांच्या १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी आत्मवृत्तात आजोळच्या आठवणी आहेत. चांदीच्या इवल्या सायकली चालवणारे आणि छोटी तोफ उडवणारे बडोद्याचे शिकवलेले पोपट त्यांच्या बालमनात घर करून राहिले होते. नातवंडांच्या त्या आठवणींत आजीचा दरारा आहे आणि आजीच्या घराची ओढही आहे. ज्या लग्नाला आई गेली नाही, त्या लग्नाची मुले तिच्या महालात खेळली. मोठ्या माणसांच्या क्षमेला नेहमी शब्द असतातच असे नाही. कधी कधी मुलांना सुट्टीत आजोळी बोलावणे, एवढेच तिचे रूप असते.

पुढे १९२२ साली जितेंद्रनारायण निवर्तले. ते लग्नानंतर थोड्याच दिवसांत थोरल्या भावाच्या निधनामुळे गादीवर आले होते. तिशीच्या इंदिराराजे पाच मुलांसह मागे राहिल्या. मुलगा अज्ञान, म्हणून त्यांनी राज्यप्रतिनिधी या नात्याने कूचबिहारचा कारभार पुढे अनेक वर्षे सांभाळला. ग्वाल्हेरच्या पडद्यात गेलेल्या मुलीला ते साधले असते का, हा प्रश्न महाराणींच्या मनात आला असेल की नाही, ते मी सांगू शकत नाही. माझ्या मनात मात्र येतो.

आणि गोष्ट तिसऱ्या पिढीत पुन्हा घडली. पडद्याच्या घरात दुसरेपणावर जाण्याचे नाकारणाऱ्या इंदिराराजांच्या कन्येने, गायत्रीदेवींनी, जयपूरच्या सवाई मानसिंहांशी विवाह करण्याचे ठरवले. मानसिंहांच्या दोन पत्नी हयात होत्या आणि जयपूरच्या राजवाड्यात पडदा होता. आता काळजी करण्याची पाळी इंदिराराजांची होती! त्यांनी मुलीला थांबायला सांगितले. मुलगी थांबली, पण बदलली नाही. १९४० साली विवाह झाला. पडद्याच्या त्या घरात जाऊन गायत्रीदेवींनी १९४३ साली जयपुरात मुलींची शाळा काढली आणि १९६२ साली त्या लोकसभेवर प्रचंड बहुमताने निवडून आल्या. म्हणजे आजीला, आईला आणि नातीला, तिघींनाही, स्वातंत्र्याचा अर्थ एकमेकींहून निराळा दिसला. स्वातंत्र्य वारशाने देता येते. त्याचे काय करावे, हे मात्र वारशात लिहून देता येत नाही. आईबाप फसतात ते इथेच. आपण मुलांना दिवा देतो आणि त्यांनी तो आपल्याच वाटेवर धरावा, अशी अपेक्षा करतो.

महाराणींचे उत्तरायुष्य सुखाचे म्हणता येणार नाही. सावत्र पुत्र फत्तेसिंहराव १९०८ साली, मागे काही महिन्यांचे मूल ठेवून गेले. ते मूल म्हणजे पुढचे महाराज प्रतापसिंहराव. स्वतःचे पुत्र शिवाजीराव १९१९ साली, जयसिंहराव १९२३ साली आणि धैर्यशीलराव १९४० साली गेले. १९३९ सालच्या फेब्रुवारीत सयाजीराव महाराज गेले. त्यानंतर १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९५१ साली नातवाची गादी गेली, हेही त्यांनी पाहिले. १९५८ साली मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांच्या पोटच्या मुलांपैकी एकच मूल हयात होते. जिने त्यांचे ऐकले नव्हते, ती इंदिरा.

मी हा तपशील प्रथम एका ओळीला लागून दुसरी ओळ असा मांडून पाहिला, तेव्हा कितीतरी वेळ वही मिटू शकलो नाही. ज्या मुलीला आईने १९१३ साली दूर केले होते, तीच अखेरपर्यंत तिची म्हणून उरली. त्या मधल्या काळात समेट झाला नसता, तर? आपले म्हणणे धरून बसण्यासाठी माणसाला वाटतो तेवढा वेळ हातात नसतो.

मग अशा बाईंना आपण स्वतंत्र विचाराच्या म्हणावे की नाही? लंडनच्या विवाहाला त्या गेल्या नाहीत, म्हणून त्यांचा ग्रंथ, त्यांचे उद्योगालय, त्यांचे अध्यक्षपद हे सारे पोकळ ठरवावे का? मला तसे वाटत नाही. उलट, त्यांचे मोठेपण आता मला अधिक खरे वाटते. त्या आपल्या काळाच्या चार पावले पुढे होत्या आणि त्यांची मुलगी त्यांच्याही एक पाऊल पुढे होती. ते एक पाऊल त्यांना जड गेले, तरी काही काळाने त्यांनी ते टाकले. माझ्या आईला ते पाऊल एका रात्रीत टाकता आले. तिने ग्रंथ लिहिला नव्हता, परिषद पाहिली नव्हती. पण तिच्या हातातले कसब ज्या संस्थेने दिले, ती संस्था महाराणींचीच होती. त्या कसबाच्या बळावर ती कोणाच्या घरी मिंधी झाली नाही आणि जी मिंधी नव्हती, तीच त्या पहाटे मला न विचारता जिना उतरू शकली. म्हणजे फिरून फिरून एका आईचे ऋण दुसऱ्या आईपाशी जाते. महाराणींनी ज्या बायकांसाठी उद्योगालय काढले, त्यांच्यापैकी एकीने महाराणींना त्या वर्षी जे जमले नाही, ते करून दाखवले. आपल्या कार्याचे याहून मोठे फळ कोणत्या संस्थापिकेला मिळते?

आई २००३ साली गेली. अखेरच्या आजारात तिची सेवा करायला अहमदाबादेहून माझी मुलगी येऊन महिनाभर राहिली होती. ते शिवणाचे मशीन आता तिच्याकडे आहे.

इथे बसलेल्या पालकांना माझे एकच सांगणे आहे. आपण आपल्या मुलींना या शाळेत पाठवता, बक्षीससमारंभात टाळ्या वाजवता, हे उत्तमच आहे. दुसऱ्यांच्या मुलींना स्वातंत्र्य देणे सोपे असते. आपल्या मुलीने ते आपल्याकडे मागितले म्हणजे ते किती महाग आहे, हे कळते. तो दिवस आपल्याही घरी येईल. त्या दिवशी कदाचित आपण चुकाल, जसे मोठे लोक चुकले आणि मीही चुकलो. पण मग फार वेळ घरी बसून राहू नका. गाडी रोज सुटते.

आणि मुलींनो, तुम्हाला एवढेच सांगतो. तुमच्या घरात एखादी आजी असेल, जी फार बोलत नाही, पण ऐन वेळी पिशवी घेऊन दारात उभी राहते, तिला तिच्या आयुष्याविषयी विचारा. तिची गोष्ट पुष्कळदा कोणत्याच पुस्तकात नसते. ती लिहून ठेवा.

बाईंच्या स्मृतीला आणि महाराणी चिमणाबाईंच्या स्मृतीला मी नम्र अभिवादन करतो.